ग्रंथपरिचय : चार दिवसांची वाट आणि एक लांब वळसा

घरातील कर्ता पुरुष अकाली गेला की पहिले काही दिवस घर माणसांनी भरलेले असते. येणारा प्रत्येक जण आईजवळ बसतो, तिला धीर देतो. कोपऱ्यात उभ्या असलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि ‘आता आईला तूच सांभाळायचे’ असे सांगून निघून जातो. त्या मुलीला कोण सांभाळणार, हा प्रश्न बहुधा कोणाच्या मनातच येत नाही. अमेरिकन लेखिका मॉर्गन मॅट्सन यांच्या ‘एमी अँड रॉजर्स एपिक डीटूर’ या कादंबरीची नायिका एमी करी हीच ती कोपऱ्यातली मुलगी आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली ही कादंबरी किशोर आणि तरुण वाचकांसाठी लिहिलेली आहे, आणि वरकरणी ती एका प्रवासाची व प्रेमाची गोष्ट आहे.

एमीचे वडील इतिहासाचे प्राध्यापक. ते मोटार अपघातात गेले, आणि त्या वेळी गाडी एमी चालवीत होती. कादंबरीचे सारे ओझे या एका वस्तुस्थितीवर आहे. लेखिका मात्र ती एकदम उघड करीत नाही. एमीला जेवढे आठवण्याचे बळ येते, तेवढेच वाचकाच्या हाती लागते. आई नोकरीसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला, कनेक्टिकटला गेली आहे. व्यसनात अडकलेला जुळा भाऊ चार्ली उपचारकेंद्रात आहे. कॅलिफोर्नियातील घर विक्रीला काढले आहे आणि त्यात एमी एकटी राहते आहे. या कुटुंबात कोणी कोणावर उघड आरोप केलेला नाही; पण कोणी बोलतही नाही, आणि त्या अबोल्याचा अर्थ मुलगी स्वतःच्या मनाने लावून घेते.

घरची गाडी कनेक्टिकटला पोहोचवायची आहे, पण एमीने अपघातानंतर चाकाला हात लावलेला नाही. म्हणून आई आपल्या मैत्रिणीच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला, रॉजरला, सारथी नेमते. त्याला फिलाडेल्फियाला वडिलांकडे जायचेच असते. मार्ग व मुक्काम ठरवून आईने चार दिवसांचा कार्यक्रम आखून दिलेला आहे. दोघे तो पहिल्याच टप्प्यात मोडतात आणि योसेमिटीच्या डोंगरांकडे वळतात, कारण तिथे एमीचे कुटुंब पूर्वी सुट्टीला जात असे.

पुढे नेवाडातील पन्नास क्रमांकाचा महामार्ग येतो. ‘लाइफ’ मासिकाने १९८६ मध्ये त्याला अमेरिकेतील सर्वांत एकाकी रस्ता म्हटले. हिणवण्यासाठी दिलेले ते नाव राज्याने मोठ्या हौसेने जाहिरातीसाठी वापरले! गावांमधली अंतरे लांबलचक आणि दोन्ही बाजूंना ओसाड माळ. अशा रस्त्यावर शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे सोपे जाते. एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही, दोघांची नजर समोर असते. संवादाची ही सोय लेखिकेने अचूक हेरली आहे. रॉजर उपदेश करीत नाही. त्याचेही एक दुखणे आहे: सोडून गेलेल्या मैत्रिणीच्या शोधात तोही वळसे घेतो आहे.

वडील एल्व्हिस प्रेस्लीचे चाहते. बापलेकीने मेम्फिसला त्याचे ग्रेसलँड हे घर पाहायला जायचे ठरवले होते. प्रेस्लीने १९५७ मध्ये घेतलेल्या या घरातच १९७७ मध्ये त्याचा अंत झाला. १९८२ पासून ते लोकांसाठी खुले आहे आणि तिथल्या बागेत तो आई-वडिलांशेजारी चिरविश्रांती घेत आहे. वडिलांसोबत ठरलेल्या जागी वडिलांवाचून जाणे एमीला किती जड जाते, ते पुस्तकातच वाचावे.

कादंबरीत पानोपानी पावत्या, गाण्यांच्या याद्या, छायाचित्रे, प्रवासवहीतील नोंदी आहेत. लेखिकेने स्वतः हा प्रवास केल्याचे त्यांतून जाणवते. मात्र गाण्यांच्या याद्या पुढे पुढे कंटाळवाण्या होतात. रॉजर जरा अतिच समंजस वाटतो. एकोणिसाव्या वर्षी इतका धीर दुर्मिळच. आईचे चित्रणही तोकडे आहे. पती गमावलेल्या, दोन मुलांना दोन ठिकाणी ठेवून निघून गेलेल्या त्या बाईच्या मनात काय चालले असेल, याकडे लेखिका फार उशिरा वळते.

पुस्तकात तरुण प्रेमाचे प्रसंग आहेत. त्यामुळे ते सोळा वर्षांच्या पुढील मुलामुलींच्या हाती द्यावे, आणि पालकांनी आधी स्वतः वाचावे. इंग्रजी सोपे आहे. ज्या घरात गेल्या वर्षभरात एखादी खुर्ची रिकामी झाली असेल, तिथे मात्र ते देताना ‘वाचून झाल्यावर बोलू या’ एवढे जरूर सांगावे, आणि खरोखर बोलावे.