आठ रुपये सव्वीस पैशांचा दंड

मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली.

महोदय,

माझ्या आईला दोन वाहिन्या हव्या आहेत. वय चौऱ्याऐंशी. संध्याकाळी सातला दिवा लावून टीव्हीसमोर बसते, साडेनऊला उठते. एवढ्यासाठी मी आमच्या केबल कंपनीकडे चौदा महिन्यांत नऊ तक्रारी नोंदवल्या. नवांचे नऊ नंबर माझ्या वहीत आहेत. नऊही तक्रारी 'निकाली' निघाल्याचे मेसेज मोबाइलवर आले आणि आईच्या पॅकमध्ये कुस्ती, कार्टून आणि कन्नड सिनेमे होते तसेच राहिले. फोनवरची मुलगी दर वेळी सांगते, "सर, सिस्टीममध्ये तो ऑप्शन येत नाही."

हे तुम्हाला कळवून उपयोग नाही, हे मी जाणतो. एकेका ग्राहकाची तक्रार सोडवण्याचा अधिकार कायद्याने तुम्हाला दिलेला नाही. ती तुमच्याकडे आली, तर तुम्ही ती त्याच कंपनीकडे पाठवता. ज्याच्यावर फिर्याद त्याच्याच दारात पोच. म्हणून आईच्या तक्रारीचा कागद मी तुम्हाला धाडत नाही. मी तुमच्या नियमांबद्दल लिहितो आहे, आणि ते सर्वस्वी तुमच्या अखत्यारीत येतात.

बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय मला राहवत नाही. माझं घर बाजूला ठेवू. ज्या घरात 'केबीसी' आणि 'तारक मेहता' एवढंच बघतात, असं एक घर धरू. ३ मार्च २०१७ चा तुमचा दरआदेश १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. त्या वेळी सोनीची किंमत १९ रुपये होती आणि सबचीही १९ रुपये. या दोन वाहिन्यांचे झाले ३८. त्यात तुम्ही ठरवून दिलेले १३० रुपये 'नेटवर्क कपॅसिटी फी'चे. एकूण १६८, वर अठरा टक्के जीएसटी. बिल झालं १९८ रुपये २४ पैसे.

आता या दोन्ही वाहिन्या चालवणाऱ्या सोनी कंपनीचाच पॅक बघा. नाव 'हॅपी इंडिया ३१', म्हणजे किंमत नावातच. त्यात या दोन वाहिन्या होत्याच, वर आणखी बऱ्याच. १३० अधिक ३१, अधिक जीएसटी, मिळून १८९ रुपये ९८ पैसे.

नको असलेल्या वाहिन्या नाकारल्या की बिल ८ रुपये २६ पैशांनी वाढतं. मंडईत एक जुडी मेथी मागितली आणि बाईने सांगितलं की मेथी वीसची, पण पालक, चुका, माठ सगळं घेतलंत तर पंधरा, तर आपण तिच्या वजनकाट्याकडे संशयाने बघतो. तुमच्याकडे त्याला 'निवडीचं स्वातंत्र्य' म्हणतात. या स्वातंत्र्यासाठी तुम्ही चॅनेल सिलेक्टर नावाचं अ‍ॅपसुद्धा काढलंत. मी ते वापरलं. फार सुबक आहे. आपण हव्या त्या वाहिन्यांवर खुणा करत जायचं, आणि शेवटी तेच अ‍ॅप नम्रपणे सुचवतं की यापेक्षा पॅक स्वस्त पडेल.

हे नकळत झालं, असं म्हणायला जागा नाही. पॅकवर पंधरा टक्क्यांहून जास्त सवलत देता येणार नाही, हे कलम तुमच्याच २०१७ च्या आदेशात होतं. सुट्या वाहिनीला किंमत उरावी एवढाच त्याचा हेतू, आणि हेतू रास्त होता. मद्रास उच्च न्यायालयात ते कलम टिकलं नाही. बाकीचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑक्टोबर २०१८ ला उचलून धरला आणि तुम्ही ते दात काढलेलं जनावर बाजारात सोडलंत. पॅकमध्ये घालायच्या वाहिनीला १९ रुपयांची कमाल मर्यादा होती. स्टार प्लस, झी, कलर्स, सोनी या चौघांनीही नेमके १९ रुपये लावले. मर्यादा म्हणून आखलेली रेघ त्यांनी दरपत्रक म्हणून वाचली.

१ जानेवारी २०२० ला तुम्ही जागे झालात. १९ चे १२ केलेत, सवलत साधारण तेहतीस टक्क्यांवर आणलीत, १३० रुपयांत शंभरऐवजी दोनशे वाहिन्या दिल्यात. त्या दिवशी मी घरी पेढे आणले होते, हेही नमूद करतो. प्रसारक मुंबई उच्च न्यायालयात गेले. ३० जून २०२१ ला न्यायालयाने तुमचा आदेश बहुतांशी वैध ठरवला. जिंकलेला पक्ष अंमलबजावणी करतो, असा माझा समज. प्रसारकांनी लोकप्रिय वाहिन्या पॅकमधून बाहेर काढल्या, त्यांच्या किमती १२ च्या वर चढवून जाहीर केल्या, आणि तुम्ही नव्याने 'सल्लामसलत' सुरू केलीत. २२ नोव्हेंबर २०२२ ला निकाल लागला: १२ चे परत १९, आणि सवलत पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत.

पंधरा, तेहतीस, पंचेचाळीस. आकडा दर वेळी पॅक विकणाऱ्याच्या बाजूला सरकला. आजच्या नियमाने १९ रुपयांच्या दहा वाहिन्या सुट्या घेतल्या तर १९० रुपये, आणि पॅक करून १०४ रुपये ५० पैशांना विकता येतात. म्हणजे सहा वाहिन्या हव्या असलेला माणूस ११४ रुपये भरणार आणि दहा घेणारा त्याच्यापेक्षा कमी. दहापैकी चार वाहिन्या कधीच लागणार नाहीत, पण जाहिरातदाराला सांगताना त्या 'इतक्या कोटी घरांत पोचलेल्या' असतात. आई त्या कोटीतली एक आहे. तिला विचारा, कुस्ती कोणत्या नंबरावर लागते.

तुम्हालाच तुमची जुनी आठवण करून देतो. २००७ साली आम्ही गिरगावात राहत होतो. दक्षिण मुंबईत 'कॅस' आली होती, म्हणजे टीव्हीला खोकं जोडून हव्या तेवढ्याच सशुल्क वाहिन्या घेण्याची पद्धत. ऑगस्ट २००६ मध्ये तुम्ही दर ठरवून दिला होता: कोणतीही सशुल्क वाहिनी महिना ५ रुपये, आणि निदान तीस मोफत वाहिन्यांचा पाया ७७ रुपये, कर वेगळा. महागाई वाढली हे मला शिकवू नका, माझं म्हणणं रकमेबद्दल नाहीच. एक घेतली तर ५, दोन घेतल्या तर १०. कमी घेणाऱ्याला कमी पैसे. एवढी साधी गोष्ट त्या बोजड खोक्याला जमत होती. आताचं खोकं त्याच्यापेक्षा शंभरपट शहाणं आहे. कोण काय बघतं, कधी पॅक संपतो, सगळं त्याला कळतं. रिचार्ज संपला की मध्यरात्री बाराला पडदा काळा करायला ते विसरत नाही. फक्त एक वाहिनी काढून टाका म्हटलं की त्याला 'ऑप्शन येत नाही'.

न्यायाने हेही लिहितो की जुना काळ काही सोन्याचा नव्हता. केबलवाला दर महिन्याला दारात येऊन दोनशे रुपये नेई, पावती मागितली तर हसे, आणि पाचशे जोडण्यांच्या जागी कंपनीला दीडशे दाखवी. डिजिटल खोक्याने ती चोरी बंद झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या केबलवाल्याशी भांडता येत होतं. तो गल्लीतला होता, गणपतीची वर्गणी मागायला तोच यायचा.

खोक्यांवरून आठवलं. माझ्या खणात तीन पडली आहेत, तिन्ही चालू, तिन्ही निरुपयोगी. कंपनी बदलली की खोकं भंगार. मोबाइल कंपनी बदलून नंबर तोच ठेवण्याची सोय २०११ पासून देशभर आहे, आणि ती तुमच्याच नियमांनी चालते. खोक्यांबद्दल एप्रिल २०२० मध्ये तुम्ही शिफारस केलीत की कोणतंही खोकं कोणत्याही कंपनीवर चाललं पाहिजे. माझ्या खणाला त्याचा अजून पत्ता नाही.

आणि ८ जुलै २०२४ ला तर तुम्ही हातच झटकलेत. नेटवर्क फीची कमाल मर्यादाच काढून टाकलीत. १३० चे किती करायचे ते आता कंपनी ठरवणार, का, तर बाजारात स्पर्धा आहे. आमच्या सोसायटीत एकच केबल येते. गच्चीवर छत्र्या लावायला सोसायटीची मनाई आहे. मी स्पर्धा शोधायला डोंबिवली स्टेशनपर्यंत जाऊन आलो. मर्यादा काढल्यानंतर चारच महिन्यांनी, १४ नोव्हेंबर २०२४ ला, डिस्ने स्टार आणि व्हायकॉम१८ एक झाले. विलीन कंपनीचं मूल्य ७०,३५२ कोटी रुपये. यालाही स्पर्धाच म्हणायचं असेल, तर मराठीत दुसरा शब्द शोधावा लागेल.

"केबल सोडा, मोबाइलवर बघा," असं मुलगा म्हणतो. २०२३ मध्ये आयपीएल अ‍ॅपवर फुकट होती, तेव्हा मीही बघितली. २०२५ मध्ये सवय लागलेल्यांसमोर तिथेही पैशाचा दरवाजा आला. लोक केबल-डिश सोडताहेत हे तुम्हीच तुमच्या अहवालांत मोजता: पैसे भरणारे डीटीएच ग्राहक काही वर्षांपूर्वी सात कोटींच्या घरात होते, आता सहा कोटींच्याही खाली आले आहेत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईने मात्र कुठे जावं?

माझी मागणी एका ओळीची आहे. पॅकवर जितके टक्के सवलत, तितकीच त्यातल्या प्रत्येक सुट्या वाहिनीवर. पंचेचाळीस द्या, नव्वद द्या, मला हरकत नाही, पण दोन वाहिन्या घेणाऱ्यालाही द्या. आणि नेटवर्क फीवर पुन्हा मर्यादा घाला. सल्लामसलतीचा कागद काढणार असाल तर या वेळी त्याची मराठी प्रतही काढा, आईला वाचून दाखवीन.

तिचा रिचार्ज १७ तारखेला संपतो.

आपला,
एक केबलग्राहक, डोंबिवली (पूर्व)