गांजाची शेती आणि परंड्याचा रुग्ण

2021 च्या ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला होता. कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, तेव्हा गांजा लावायची परवानगी द्या, एवढीच मागणी. अर्ज पोलिसांकडे गेला आणि विषय तिथंच थांबला. आपल्याकडे धाराशिवलाही सोयाबीनचा भाव पडला की कुणीतरी विचारतंच : परदेशात गांजापासून औषधं होतात, मग आम्ही का लावू नये?

प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. त्यात शेतकरी आहे, रुग्ण नाही.

1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं गांजाच्या लागवडीचं नियमन करण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला आहे. उत्तराखंडनं त्याच आधारे औद्योगिक भांगेला परवाने दिले. महाराष्ट्रात ती वाट खुली नाही. विनापरवाना लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. भीतीही निराधार नाही. 2025 मध्ये तुळजापुरात मेफेड्रोन या अमली पदार्थाचं प्रकरण उघडकीस आलं, तेव्हा अख्खा जिल्हा हादरला होता. अशा जिल्ह्यात शेतोशेती गांजा लावा, असं मी म्हणणार नाही.

कायद्यानं ‘गांजा’ म्हणजे भांगेच्या झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बी त्या व्याख्येबाहेर राहतात. याच फटीतून भांगेच्या पानांपासूनची ‘विजया’ नावाची आयुर्वेदिक औषधं परवान्यानं बनतात. औषध कायद्याच्या ज्या यादीत विषारी वनस्पती आहेत, तिच्यात भांगही आहे. म्हणून पोटात घ्यायच्या अशा औषधावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याचा इशारा छापावा लागतो. प्रत्यक्षात फोनवरच्या सल्ल्यावर ही औषधं कुरिअरनं घरी येतात. जात, हवामान आणि काढणीची वेळ बदलली की पानातलं द्रव्य बदलतं. प्रत्येक खेपेची तपासणी झाली नाही, तर कालच्या बाटलीतले दहा थेंब आणि आजच्या बाटलीतले दहा थेंब सारखे असतीलच, याची खात्री रुग्णाला कोण देणार?

औषध कसं तयार होतं, ते इंग्लंडमध्ये पाहावं. विसिंग्टन इथं साखर कारखान्याला लागून सुमारे 18 हेक्टरांचं काचगृह आहे. आधी तिथं टोमॅटो होत. पुढं त्याच काचेखाली एपिडायोलेक्स या औषधासाठी भांगेची झाडं वाढवली गेली. त्यातून वेगळं काढलेलं कॅनाबिडिऑल दर मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम, बाटली कुठलीही घ्या. लहान मुलांमधल्या ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या दुर्धर अपस्मारांसाठी चाचण्या झाल्या आणि जून 2018 मध्ये अमेरिकेनं मान्यता दिली. केमोथेरपीनंतरच्या मळमळीसाठी याच वर्गातली कृत्रिम औषधं 1985 पासून तिथं मान्य आहेत. कर्करोगाच्या वेदनेवर मात्र पुरावा अजून कमकुवत आहे. ‘कॅन्सर बरा करणारं तेल’ विकणाऱ्यांना म्हणूनच दारात उभं करू नये.

आपल्या देशाला हे काम नवं नाही. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात केंद्राच्या परवान्यानं अफू पिकते. शेताची मोजणी होते, परवानाधारक शेतकरी अफूचा चीक सरकारलाच देतो आणि तो नीमच किंवा गाझीपूरच्या सरकारी कारखान्यात जातो. औषधी गांजासाठी हाच नमुना घ्यावा. मोजके परवाने, परभणीच्या कृषी विद्यापीठासारख्या संस्थेत वाणांचं संशोधन, प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत तपासणी आणि आधी रुग्णालयांत रीतसर चाचण्या.

पण अफूची गोष्ट इथं संपत नाही, आणि मला खरं दुखणं इथंच दिसतं. देशात अफू पिकते, तरी तिच्यापासून होणारं वेदनाशामक मॉर्फिन खेड्यातल्या रुग्णाच्या हाती पडणं अवघड आहे. 1985 च्या कायद्यानं परवान्यांचं जंजाळ उभं केलं आणि दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 मध्ये दुरुस्ती झाली. आता औषध प्रशासनाकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून एकच मान्यता घेतली, प्रशिक्षित डॉक्टर नेमला आणि साठ्याचा हिशेब ठेवला की रुग्णालय मॉर्फिन देऊ शकतं. म्हणजे कायदा वाकला, पण सवय वाकली नाही.

जग आपल्या धाराशिव जिल्ह्याचं देणं लागतं. 1987 मध्ये बार्शीत ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तिच्यात आपल्या जिल्ह्यातले परंडा आणि भूम तालुके होते. 1999 पासून याच जिल्ह्यातल्या 1,31,746 महिलांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीच्या अभ्यासात भाग घेतला. एकदाच केलेली एचपीव्ही या विषाणूची चाचणीही मृत्यू निम्म्यावर आणू शकते, हे 2009 मध्ये त्यातून सिद्ध झालं आणि जगभरच्या धोरणांना आधार मिळाला. ज्या बायकांनी हा पुरावा दिला, त्यांच्या गावात शेवटच्या महिन्यांत वेदनेनं कण्हणाऱ्या माणसाला साधी मॉर्फिनची गोळी मिळू नये, हे मला सहन होत नाही.

म्हणून क्रम असा हवा. आधी जिल्हा शल्यचिकित्सकांनी जाहीर करावं की जिल्ह्यातल्या कोणत्या रुग्णालयांना मॉर्फिन देण्याची मान्यता आहे आणि त्याचा साठा किती आहे. जिथं नाही, तिथं धाराशिवचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि बार्शीचं कर्करोग रुग्णालय यांच्या मदतीनं डॉक्टर तयार करावेत. परंड्याच्या वाडीपर्यंत मॉर्फिन चोरीला न जाता, हिशेबासह पोचू लागलं, की त्याच वाटेनं उद्या गांजापासूनचं औषधही पोचेल. ती वाट न बांधता दिलेला लागवडीचा परवाना व्यापाऱ्याच्या कामी येईल, रुग्णाच्या नाही.