फोटोमागची नावं

सुधारक ओलवे यांच्या कृष्णधवल फोटोंतला सफाई कामगार उघड्या अंगाने मुंबईच्या मैल्यात उतरलेला दिसतो. पहिल्यांदा ते फोटो पाहिले तेव्हा मी हादरले होते. पुढे पुन्हा पाहताना लक्ष गेलं ते त्याच मालिकेतल्या घरातल्या फोटोंकडे. एवढ्याशा खोल्या, बायकामुलं, दमून पडलेली माणसं, दारू. हे फोटो वाट चुकून तिथे गेलेल्या माणसाला मिळत नाहीत. त्यासाठी पुन्हा पुन्हा जावं लागतं आणि घरातल्यांनी 'या, बसा' म्हणावं लागतं.

ओलवे अकोल्यात जन्मले, मुंबईत घडले आणि १९८८पासून वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून काम करू लागले. वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरला रोज नवा विषय असतो. सकाळी मंत्री, दुपारी मोर्चा, संध्याकाळी नाटकाची तालीम. या धावपळीत सफाई कामगाराची बातमी होते ती बहुधा तो गटारात गुदमरून मेला तरच. ओलव्यांनी तो जिवंत असताना त्याच्याकडे जायचं ठरवलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं हे काम हाती घेतलं आणि नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं चालू ठेवलं.

घरात गेल्याशिवाय न कळणारी एक गोष्ट आहे. अनेक सफाई कामगारांचं राहतं घर नोकरीला बांधलेलं असतं. बाप निवृत्त झाला किंवा गेला की खोली सोडावी लागते. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे वारसाला नोकरी मिळते, हा त्या कुटुंबांना मोठाच आधार. पण त्याच आधारामुळे शिकलेला मुलगाही बापाचा झाडू हाती घेतो, कारण नाही घेतला तर आई रस्त्यावर येते. इतका गुंता एका फोटोत मावत नाही. तो दाखवायला मालिका लागते आणि मालिकेला वर्षं लागतात.

२००५ साली नॅशनल जिओग्राफिकने 'ऑल रोड्स' उपक्रमात त्यांच्या कामाची दखल घेतली, २०१६ साली पद्मश्री मिळाली. मला मात्र त्यांचं मोठेपण त्या परत परत जाण्यात वाटतं.

पुण्याचे छायाचित्रकार संदेश भंडारे यांनी तेच तमाशाच्या बाबतीत केलं. इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सच्या मदतीने ते गावोगावच्या फडांबरोबर फिरले. त्यातून लोकवाङ्मय गृहाचं 'तमाशा : एक रांगडी गंमत' हे पुस्तक आलं. वारीवरही त्यांचं असंच मोठं काम आहे. तमाशा म्हटलं की कॅमेरे घुंगरांकडे वळतात. पण गण-गवळण सुरू व्हायच्या आधी ट्रकमधून सामान उतरतं, कनात उभी राहते, कुणीतरी चूल पेटवतं, कुणी आरशाच्या तुकड्यात बघून रंग लावतं. रात्रीच्या वगात राजा होणारा माणूस दुपारी खांब रोवत असतो. हे सगळं मिळून तमाशा होतो आणि ते पाहायला कनातीच्या आत मुक्काम करावा लागतो.

हे मी जबलपूर जिल्ह्यातल्या शहपुऱ्यात बसून लिहिते आहे आणि त्यामागे माझा स्वार्थ आहे. आमच्या भागाचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग म्हणजे १९३९चं काँग्रेसचं त्रिपुरी अधिवेशन. आजारी सुभाषबाबूंना स्ट्रेचरवरून अधिवेशनात आणलं, तो फोटो पुस्तकांतून पाहिलेला आहे. पण नर्मदेकाठी ज्यांनी मंडप उभारले, हजारोंचा स्वयंपाक रांधला, पाणी भरलं, त्यांचे चेहरे कुठे आहेत? नेत्याचा फोटो देश सांभाळतो. बाकीच्यांचा सांभाळायला त्या गावचंच कुणीतरी लागतं.

आमच्या गावात असा एक फोटोग्राफर आहे. त्याचा छोटासा स्टुडिओ कधीच बंद झाला, पण निगेटिव्हच्या पेट्या त्याने ठेवल्या आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यातली एक त्याने मला उघडून दाखवली. आत बटर पेपरची पाकिटं आणि प्रत्येकावर पेन्सिलने नाव, गाव, महिना. बेलखेड्याचं लग्न. चरगव्याच्या शाळेतली मुलं. दसऱ्याला मुकुट घालून बसलेलं रामलीलेचं मंडळ, त्यातल्या सीतेला मिशा फुटू लागलेल्या. मटाराच्या हंगामात पोत्यांवर बसलेले हमाल. निगेटिव्ह खिडकीशी धरली की काळे चेहरे आणि पांढरे केस दिसतात, ओळख पटत नाही. पाकिटावरचं नाव वाचल्यावर पटते. नावं का लिहिलीस म्हणून विचारलं, तर म्हणाला, "लोक पुन्हा कॉपी मागायला यायचे, दीदी. शोधायला सोपं जावं म्हणून."

त्याला पद्मश्री मिळणार नाही आणि त्याने ती मागितलेलीही नाही. पण शहपुऱ्याची चाळीसेक वर्षं त्या पेट्यांत आहेत आणि त्या सांभाळण्याची व्यवस्था गावात कुणाकडेच नाही. गावोगावी जुन्या स्टुडिओंचा शेवट असा झाला. काचेच्या निगेटिव्ह धुऊन काच विकली गेली, फिल्म भंगारात गेली. जबलपुरात महाविद्यालयं आहेत, ग्रंथालयं आहेत, नाट्यसंस्था आहेत, मराठी मंडळीही पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. यातल्या एखाद्या संस्थेने एक कोरडी खोली आणि एक स्कॅनर दिला, तरी पुष्कळ वाचेल. हे काम सरकारने करावं म्हणून थांबण्यात अर्थ नाही, कारण फिल्म थांबत नाही. पेटी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर आतली फिल्म नासायला लागली असं समजायचं.

दिवाळीच्या साफसफाईत तुमच्याही माळ्यावरून जुने अल्बम खाली येतील. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो अलगद सोडवा आणि कोरड्या कागदी पाकिटांत ठेवा. फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलने नाव, गाव आणि साल लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उमटतो. कडेला उभी असलेली बाई कोण, मांडवात वाढणारा मुलगा कोण, हे आईला, काकूला, आत्याला याच वर्षी विचारा. त्यांच्यानंतर ते सांगणारं कुणी नाही.