पाळण्याभोंवतीं भरलेला बाजार

आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून हल्लीं मूल जन्मास येण्यापूर्वींच त्याच्या सामानाची यादी जन्मास येते. गरोदर स्त्रीस सातवा महिना लागतो न लागतो तोंच मैत्रिणींकडून, नातलगांकडून आणि मुख्यतः विक्रेत्यांकडून ती घरांत येऊन पोंचते. बाटल्या निर्जंतुक करण्याचें यंत्र, दूध कोमट ठेवण्याचें दुसरें यंत्र, अंग पुसण्याचे ओले कागद कोमट ठेवण्याचें तिसरें, विजेवर आपोआप झुलणारा पाळणा, मुलाच्या नाडीचे ठोके मोजून बापाच्या फोनवर कळविणारा पायमोजा, आणि ज्या शहरांत धडधाकट माणसाला पायीं चालावयास वाट उरली नाहीं त्या शहरांत फिरविण्यासाठीं ढकलगाडी! ह्या यादीस जो हरकत घेईल तो एक तर कंजूष ठरतो, नाहीं तर जुनाट. हे दोन्ही आरोप पत्करून मला असें म्हणावयाचें आहे कीं, पहिल्या तीन-चार महिन्यांच्या मुलास खरोखर लागणाऱ्या वस्तु एका वेताच्या टोपलींत मावतात. उरलेल्यांपैकीं पुष्कळशा निरुपयोगी व कांहीं घातक आहेत. आणि जी एक गोष्ट सर्वांत अगत्याची, तिचें नांव कोणत्याच यादींत नसतें.

प्रतिष्ठेसाठीं होणाऱ्या खर्चाचें मर्म थोर्स्टाइन व्हेब्लेन ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १८९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत उलगडून दाखविलें. परंतु लग्नांतल्या जेवणावळींचा खर्च आणि हा खर्च ह्यांत एक भेद आहे. तेथें ऐट असते, व ती सर्वांस दिसते. येथें भीति असते, आणि ती प्रेमाचें सोंग घेऊन येते. “आपल्या बाळासाठीं एवढेंहि करणार नाहीं का?” ह्या एका प्रश्नापुढें एरव्हीं भाजीवालीशीं दोन रुपयांसाठीं घासाघीस करणारा गृहस्थ निरुत्तर होतो. म्हणून ह्या यादीचा विचार भावनेनें न करतां गरजांच्या क्रमानें करूं. तान्ह्या मुलाच्या गरजा चार: ऊब, दूध, झोंप आणि स्वच्छता.

प्रथम ऊब. नवजात अर्भकाच्या वजनाच्या मानानें त्याच्या कातडीचा विस्तार मोठा व अंगावरील चरबी थोडी. त्यामुळें तें फार लवकर गार पडतें. त्यास कोरडें करावें, डोकें झांकावें व आईच्या अंगाशीं धरावें, हा उपाय. आमच्या बाळंतविड्यांतील टोपडें, झबलें, कुंची आणि जुन्या लुगड्याचीं मऊ दुपटीं ह्यांत हें शहाणपण होतेंच. दक्षिण अमेरिकेंतील बोगोटा शहरीं कांचेच्या उबदार पेट्या पुरेनात, तेव्हां १९७८ च्या सुमारास डॉ. एडगार रेय सनाब्रिया ह्यांनीं कमी वजनाचीं मुलें आईच्या उघड्या छातीशीं बांधून ठेवण्याची पद्धति सुरू केली. गरिबीची तडजोड म्हणून तिची पुष्कळांनीं उपेक्षा केली. परंतु भारत व आफ्रिकेंतील चार देश येथील पांच रुग्णालयांत झालेल्या व २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, एक ते सुमारें १.८ किलो वजनाच्या मुलांस जन्मल्याबरोबर अशी ऊब दिल्यानें पहिल्या महिन्यांतील मृत्यु सुमारें चतुर्थांशानें घटल्याचें आढळलें. जें उपकरण येथें यशस्वी झालें तें आईची छाती होय. आणि तें विकत मिळत नाहीं, म्हणून त्याची जाहिरातहि होत नाहीं. उलट वैशाखांत, नागपूरच्या उन्हाळ्यांत, लोंकरीच्या सुंदर संचांत गुंडाळलेलीं घामाघूम मुलें मात्र आपण पाहतों.

दुसरी गरज दूध. पहिले सहा महिने केवळ आईचें दूध, पाणीसुद्धां नको, हा वैद्यकाचा निर्णय निर्विवाद आहे. दूधबाटली व डब्यांतील भुकटी ह्यांच्या जाहिरातीस बंदी घालणारा कायदा आपल्या देशानें १९९२ सालीं केला व २००३ सालीं तो अधिक कडक केला. ज्या वस्तूची स्तुति करण्यास कायद्यानें मनाई करावी लागली, ती वस्तु भेट म्हणून देतांना सुशिक्षितांनीं क्षणभर तरी थांबावयास नको काय? शिवाय बाटली एकटी येत नाहीं. तिच्यामागून ब्रश येतो, ब्रशामागून उकळण्याचें यंत्र, यंत्रामागून बाटल्या वाळत घालण्याची घडवंची. आणि सोयीसाठीं आणलेल्या ह्या लवाजम्याची उठाठेव करणें हेंच बाळंतिणीचें काम होऊन बसतें. अपवाद आहेत, व ते मी मान्य करतों. वैद्याच्या मतें वरचें दूध देणें भाग असेल तर वाटी-चमचा किंवा आजीच्या वेळचें बोंडलें पुरे. त्यांना कोनेकोपरे नसल्यामुळें तीं नीट धुतां येतात. नोकरीवर परतणाऱ्या आईस दूध काढून ठेवण्याचा पंप ही तर खरोखरीची उपयुक्त वस्तु आहे. माझा वाद यंत्राशीं नाहीं. ज्या यंत्राची गरज यंत्रानेंच उत्पन्न केली, त्याच्याशीं आहे.

तिसरी गरज झोंप; आणि बाजाराचा सर्वांत मोठा अपराध येथेंच घडला आहे. निरोगी अर्भकें झोंपेंत अकस्मात् मरतात, ह्या दुःखद कोड्याचा विचार करून अमेरिकेंतील बालवैद्यांच्या संस्थेनें १९९२ सालीं सांगितलें कीं, मुलास पोटावर निजवूं नका. १९९४ पासून उताणें निजविण्याचा तेथें मोठा प्रचार झाला, व पुढील दहा-एक वर्षांत अशा मृत्यूंचें प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरलें. सपाट टणक गादी, तीवर मूल उताणें, जवळ उशी नाहीं, जाड रजई नाहीं, खेळणीं नाहींत: असा हा फुकटचा उपदेश! परंतु फुकटच्या उपदेशानें दुकान कसें चालावें? म्हणून पाळण्याच्या कडांस लावण्याच्या गुबगुबीत गाद्या आल्या, मुलास अर्धवट बसतें ठेवून झोंपविणारे कलते पाळणे आले. अशा पाळण्यांत मुलाची मान पुढें पडून श्वास कोंडतो. अनेक मुलें दगावल्यावर २०१९ सालीं अमेरिकेंत एकाच नमुन्याचे सुमारें ४७ लाख पाळणे परत मागविण्यांत आले, व २०२२ सालीं तेथील कायद्यानें कलते पाळणे व त्या गुबगुबीत गाद्या ह्या दोहोंचीहि विक्री बंद केली. हे पाळणे काळ्या बाजारांतले नव्हते. मोठ्या दुकानांतून आजी-आजोबांनीं हौसेनें घेतलेले होते. डोक्यास आकार यावा म्हणून राईची उशी देणाऱ्या आपल्या घरांनींहि ह्यावरून बोध घ्यावा. तान्ह्या मुलास उशी लागत नाहीं.

चौथी स्वच्छता. तिला सुती लंगोट, स्वच्छ पाणी व साधा साबण पुरतो. नाळेवर कांहीं लावावयाचें नसतें. ती कोरडी ठेवली म्हणजे आपोआप गळते. अंगभर उडविलेली पावडर मुलाच्या श्वासाबरोबर छातींत जाते. टाकाऊ डायपर प्रवासांत व रात्रीं सोयीचा, हें खरें. परंतु अष्टौप्रहर तोच वापरणाऱ्या घराची सोय दुसऱ्या कोणाच्या तरी हातून जाते. पुण्यांत ‘स्वच्छ’ ह्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेस, असा कचरा कागदांत गुंडाळून त्यावर तांबडा ठिपका काढा, अशी विनवणी घरोघर करावी लागली. आपल्या मुलाची घाण दुसऱ्याच्या आईनें उघड्या हातांनीं निवडूं नये, एवढी साधी गोष्ट पदवीधरांस सांगावी लागते, हें आपल्या संस्कृतीचें लक्षण समजावें काय?

येथें कोणी म्हणेल, “म्हणजे तुम्हांस पुन्हां जुनें बाळंतघर पाहिजे!” मुळींच नाहीं. अंधारी खोली, शेगडी, ओव्या-लसणाची धुरी, मधाचें बोट, गुटी आणि डोळ्यांत काजळ ह्यांचा मी कैवारी नाहीं. धुरानें अर्भकाचीं फुप्फुसें शुद्ध होत नाहींत. वर्षाच्या आंतील मुलास मध दिल्यास क्वचित् प्राणघातक विषबाधा होते. काजळांत शिसें असूं शकतें. आजीची चूक जुनी म्हणून पवित्र होत नाहीं, आणि दुकानाची चूक नवी म्हणून शास्त्रीय होत नाहीं. दोघींसहि एकच प्रश्न विचारावा: ह्यानें मुलाचें काय भलें होतें?

ह्याच प्रश्नाचें उत्तर कांहीं साधनें अभिमानानें देतात. डॉ. अभय व राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेनें गडचिरोलीच्या ३९ गांवांतून स्थानिक स्त्रियांस नवजातांची काळजी घेण्याचें शिक्षण दिलें. त्यांच्या थैलींत वजनकांटा, तापमापक, उबदार वस्त्र, श्वास देण्याचें साधें साधन व औषधें असत. तिसऱ्या वर्षीं, तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें, नवजातांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं घटले. १९९९ सालीं ही हकीकत ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाली. फिनलंडनें १९३८ पासून गरीब मातांस व १९४९ पासून सर्व मातांस बाळाच्या कपड्यांची पेटी दिली. परंतु १९४९ पासून ती मिळविण्यास चौथा महिना संपण्यापूर्वीं आरोग्यकेंद्रांत तपासणीस जाण्याची अट घातली. त्या पेटीचें खरें मोल त्या अटींत होतें. आमच्या राज्यानेंहि २०१९ सालीं सरकारी रुग्णालयांतील पहिल्या बाळंतपणासाठीं बेबी केअर किट देणें सुरू केलें. तें स्वागतार्ह आहे. परंतु पिशवीबरोबर शिकविणारें माणूस घरीं आलें, तरच ती पिशवी सार्थकीं लागेल. साधन शहाण्या हातांत पडलें म्हणजे प्राण वांचवितें; हाताच्या ऐवजीं आलें म्हणजे अडगळ होतें.

आतां सर्वांत बळकट आक्षेप. “घरांत दोनच माणसें, आई रात्रभर जागते, विजेच्या पाळण्यानें तिला अर्धा तास निजूं दिलें, तर तुमचें काय गेलें?” हा आक्षेप खरा आहे, व त्यावर हंसणाऱ्या पुरुषानें एक रात्र तरी जागून पाहावें. पण त्यांतूनच हा बाजार कशावर उभा आहे तें कळतें. आई थकते, कारण तिच्या जोडीस हात नाहींत. आणि हात नाहींत, म्हणून आपण यंत्र आणतों. मातृत्वाची रजा २०१७ सालीं २६ आठवड्यांपर्यंत वाढविण्यांत आली, हें उत्तम झालें. बापाचें काय? केंद्र सरकारच्या नोकरास पंधरा दिवस मिळतात. खाजगी नोकरीतल्या बापास देशाचा कोणताहि कायदा एक दिवसहि देत नाहीं. हजारों रुपयांचा पाळणा घेणारा बाप आपल्या मालकापाशीं महिनाभराची रजा मागावयास कचरतो; आणि मागितलीच, तर ज्या मित्रांनीं तो पाळणा भेट दिला तेच त्याची थट्टा करतात. खर्च करणें हें पुरुषाचें काम आणि जागणें हें बायकोचें, ही जुनीच वांटणी नव्या वेष्टनांत घातलेली आहे.

तेव्हां टोपलींत काय असावें तें सांगतों: आठ-दहा झबलीं, दोन-तीन डझन लंगोट, सहा दुपटीं, दोन टोपडीं, मच्छरदाणी, टणक गादी, तापमापक, आणि मोटारींतून नेणें असल्यास मुलासाठीं बनविलेली सुरक्षित बैठक. पुष्कळसें सामान भावंडांचें व चुलतभावंडांचें उतरलेलें, स्वच्छ धुतलेलें चालतें; तें अधिक मऊहि असतें. ह्यापलीकडे जें लागतें तें दुकानांत नाहीं. “कृपया आहेर आणूं नये” असें बारशाच्या पत्रिकेवर आपण छापतों, आणि तरी ढकलगाड्यांची रांग लागते. त्याऐवजीं प्रत्येक आप्तानें एक दिवस वांटून घ्यावा: कोणी डबा पोंचवावा, कोणी लंगोट धुवावे, कोणी दुपारीं दोन तास मूल सांभाळून आईस निजूं द्यावें. आणि बापानें पाळण्याचे पैसे बाजूस ठेवून तेवढ्या दिवसांची बिनपगारी रजा घ्यावी. हिशेब बहुधा बरोबर सुटतो.