ताप उतरला, पण इकोची तारीख?

जून 2021. माझ्या बहिणीचा सहा वर्षांचा मुलगा तापाने फणफणला. महिनाभरापूर्वी घरात सगळ्यांना कोरोना होऊन गेला होता. त्याला जेमतेम दोन दिवस सर्दी झाली होती, म्हणून दोन्हींचा संबंध कोणी लावलाच नाही. चौथ्या दिवशी डोळे लाल, अंगावर पुरळ, पोटदुखी, उलट्या. कोणी टायफॉइड म्हणाले, कोणी अपेंडिक्स. शेवटी एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी विचारले, "घरात कोरोना कधी झाला होता?" त्या प्रश्नानेच पोर वाचले, असे मी आजही मानतो.

या आजाराला 'एमआयएस-सी' म्हणतात. एप्रिल 2020 मध्ये ब्रिटनच्या डॉक्टरांनी पहिला इशारा दिला. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या ठरवली. संसर्गानंतर साधारण 2 ते 6 आठवड्यांनी मुलाची प्रतिकारशक्तीच बेफाम होते. हृदयाचा स्नायू सुजतो, रक्तदाब घसरतो, काही मुलांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या फुगतात. आजार दुर्मीळ आहे आणि वेळेवर उपचार झाले तर बहुतेक मुले बरी होतात. पण वेळ महत्त्वाची.

सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला हे ओळखीचे आहे. चूक आज होते, सिस्टीम कोसळते महिन्याने. आजचाच लॉग बघत बसलात तर कारण सापडत नाही, मागे जावे लागते. आई-बापांनीही डॉक्टरांना मागचा महिना सांगितला पाहिजे.

उपचारात स्टेरॉइड आणि आयव्हीआयजी लागते. दात्यांच्या प्लाझ्मापासून बनणारे हे औषध किलोमागे 2 ग्रॅम देतात. 20 किलोच्या मुलाला 40 ग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅमच्या आठ बाटल्या. एकेका बाटलीची किंमत हजारांत. आम्ही भावंडांनी पैसे जमवले. ज्यांना भावंडे नाहीत, त्यांनी काय करायचे? राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. हे मला बिल भरून झाल्यावर कळले. मोहल्ल्यातल्या किती जणांना माहीत असेल?

पण माझा मुद्दा त्यापुढचा आहे. डिस्चार्जनंतर आठवड्याभरात भाचा गल्लीत क्रिकेट खेळायला लागला. बहीण म्हणाली, "भाईजान, आता अल्हम्दुलिल्लाह ठणठणीत आहे, परत कशाला टूडी इको?" तिची चूक नव्हती. कार्ड इंग्रजीत होते, पुढची तारीख कोपऱ्यात गिचमीड अक्षरात. हृदयाला सूज आली असेल तर मैदानी खेळ 3 ते 6 महिने बंद ठेवायला सांगतात. आयव्हीआयजीनंतर गोवर आणि कांजिण्यांच्या लसी साधारण 11 महिने पुढे ढकलाव्या लागतात. ॲस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूही करायची नसते आणि बंदही. यातले तिला कोणी नीट समजावले नव्हते. धमनीची फूग मूल धावताना बाहेरून दिसत नाही, इकोतच दिसते.

मला वाटते, पुन्हा तपासणी हा उपचाराचाच भाग आहे, पण आपली व्यवस्था तो कुटुंबाच्या नशिबावर सोडते. डिस्चार्ज कार्ड मराठीत हवे, त्यावर पुढच्या इकोची तारीख ठळक हवी आणि रुग्णालयाने त्या दिवशी फोन करायला हवा. मेसेज पाठवणारी यंत्रणा बनवणे आमच्यासारख्यांना दोन दिवसांचे काम आहे. वीज बिलाची आठवण येते, मुलाच्या हृदयाची का येऊ नये?

तोवर हे आपण तरुणांनी करावे. मोहल्ल्यात कोणाचे मूल दवाखान्यातून घरी आले, तर भेटायला जाताना फळे न्याच, पण कार्डही वाचा. तारीख स्वतःच्या फोनमध्ये टाका. त्या दिवशी रिक्षा घेऊन दारात उभे राहा.

भाच्याचा इको दोनदा झाला, दोन्ही वेळा हृदय ठीक निघाले. तेव्हा बहिणीला म्हणालो, आता खेळू दे.