पलीकडे गेले की चिन्ह बदलते

नववीतल्या मुलापुढे ३क्ष = १२ हे समीकरण ठेवले आणि त्याने क्षची किंमत ९ काढली, तर घरातली मोठी माणसे पटकन म्हणतात, याला साधा भागाकारही येत नाही. पण हे मूल भागाकारापर्यंत पोहोचलेलेच नसते. त्याच्या डोक्यात एक नियम घट्ट बसलेला असतो: संख्या बरोबरच्या चिन्हापलीकडे गेली की तिचे चिन्ह बदलते. म्हणून ३ पलीकडे गेला, उणे झाला, १२ मधून ३ वजा केले, ९ उरले. नियम त्याने इमानेइतबारे पाळलेला असतो. ३ आणि क्ष यांच्या मधोमध गुणाकार आहे, तो लिहायची पद्धत नाही म्हणून दिसत नाही, एवढेच त्याच्यापर्यंत पोहोचलेले नसते. सरांनी ते सांगितलेही असेल, पण वर्गात साठ मुले आणि तास पस्तीस मिनिटांचा. ही चूक दुरुस्त करायला दहा मिनिटे पुरतात. मात्र ती दिसायला कुणीतरी त्या एका वहीत डोकवावे लागते, 'हे नऊ कसे आले, सांग बरं' असे विचारावे लागते आणि मूल बोलू लागेपर्यंत गप्प बसावे लागते.

अशा वह्या थोड्या नाहीत. 'असर' या शैक्षणिक पाहणीत २०२३ मध्ये ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगितले, तेव्हा ते जमले सुमारे ४३ टक्क्यांना. याच वयात वर्गात वर्गसमीकरणे आणि त्रिकोणमिती चालू असते. महाराष्ट्रात २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातून एक तोडगा पुढे आला: दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी उत्तीर्ण करावे, पण गुणपत्रिकेवर तसा शेरा मारून पुढे हे विषय घेण्याची वाट बंद करावी. पुराचे पाणी चढले म्हणून धोक्याची रेषाच वर सरकवण्याचा हा प्रकार. दुसरा तोडगा खासगी शिकवणीचा. केंद्राच्या २०२५ च्या शिक्षणविषयक सर्वेक्षणात देशातले सुमारे २७ टक्के विद्यार्थी शिकवणी लावत असल्याचे दिसले. उरलेल्यांत ज्यांना गरज असूनही परवडत नाही, त्यांच्यासाठी आठवड्यातून तास-दोन तास पडद्यावरून फुकट शिकवायला तयार असलेले अभियंते, निवृत्त बँक कर्मचारी, एम.एस्सी.चे विद्यार्थी असे स्वयंसेवक आज हवे तेवढे मिळतात. ही वाट खरी आहे, पण आपण ती चुकीच्या मापाने मोजतो. उपक्रम आपल्या यशाचा आकडा सांगतात तो नोंदणी केलेल्या स्वयंसेवकांचा. सांगायला हवा तो एका मुलाला एकाच माणसाकडून मिळालेल्या तासांचा.

याला पुरावा आहे. २०२० च्या टाळेबंदीत इटलीत मिकेला कार्लाना आणि एलियाना ला फेरारा या अर्थतज्ज्ञ स्त्रियांनी एक प्रयोग केला. शाळांनी मागे पडलेली सहावी ते आठवीची मुले निवडून दिली. विद्यापीठांतले विद्यार्थी त्यांना ऑनलाइन, विनामोबदला, एकास एक शिकवू लागले. आठवड्याला साधारण तीन तास, मूल ठरलेले, शिकवणारा ठरलेला आणि शिकवणाऱ्याच्या पाठीशी अध्यापनातले जाणकार. कोणाला शिकवणी मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवल्यामुळे तुलना चोख झाली. शिकलेल्या मुलांची प्रगती ०.२६ प्रमाण विचलनाची निघाली. सोप्या भाषेत, शंभर मुलांत खालून पन्नासावे असलेले मूल साठाव्या जागेवर गेले, आणि तेही शाळेचे वर्ष संपत आलेले असताना, काही आठवड्यांत. काही मुलांना आठवड्याला सहा तास मिळाले, त्यांच्यात हा परिणाम जवळपास दुप्पट झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कॉलेजातल्या स्वयंसेवकांनी माध्यमिक शाळेतल्या गरीब मुलांना असेच शिकवले. तिथे गणितातला परिणाम ०.०७ एवढाच आला, म्हणजे पन्नासावे मूल फार तर त्रेपन्नावे. योगायोग म्हणून सोडून द्यावा इतका लहान. दोन्हीकडे पडदा तोच आणि शिकवणारी पोरेही साधारण त्याच वयाची. अमेरिकेत मात्र बैठका अर्ध्या-अर्ध्या तासाच्या होत्या आणि मुलांच्या पदरात प्रत्यक्षात पडलेले तास फारच थोडे होते. दोन देश, दोन शाळाव्यवस्था, त्यामुळे सगळा फरक तासांचाच असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण इटलीत एकाच प्रयोगाच्या पोटात सहा तासांनी तीन तासांना मागे टाकले, हे डावलता येत नाही.

या क्षेत्रातली सर्वांत गाजलेली गोष्ट आपण अर्धीच लक्षात ठेवली आहे. सलमान खान (नट नव्हे, अमेरिकेतले गणितवाले) यांनी २००४ मध्ये दूरच्या गावातल्या नादिया या आपल्या नात्यातल्या मुलीला फोनवरून आणि संगणकाच्या पडद्यावर रेघोट्या काढून गणित शिकवायला सुरुवात केली. ती अडली होती एककांच्या रूपांतरात. एक मूल, एक ओळखीचा आवाज, ठरलेली वेळ. दोन वर्षांनी व्हिडिओ आले आणि पुढे जगभर पसरले ते व्हिडिओ. त्याच खान यांनी २०२० मध्ये थेट, विनामूल्य, माणसाने माणसाला शिकवण्यासाठी वेगळी संस्था काढली, याची चर्चा त्या मानाने झालीच नाही. आपल्याकडे उत्साहाचे वेळापत्रकही उलटे आहे. जानेवारी उजाडला की दहावीच्या मुलांसाठी 'हमखास गुण' मिळवून देणारी सत्रे सुरू होतात आणि स्वयंसेवक भूमितीची नेहमी येणारी साध्ये पाठ करून घेतात. ज्याला १/२ + १/३ = २/५ वाटते, त्याच्या हाती त्यातून काय लागणार? गणिताची गळती लागते ती अपूर्णांकात, ऋण संख्यांत आणि अक्षरे पहिल्यांदा येतात तिथे. म्हणजे मदत आठवीच्या जूनमध्ये हवी आणि दहावीचे पुस्तक बाजूला ठेवून सहावीच्या धड्यावर बसायची तयारी हवी.

भाषेचा प्रश्न छोटा वाटतो, पण दारातच अडवतो. मराठी माध्यमाच्या मुलाची अंकगणिती श्रेढी, छेदिका, व्युत्क्रम कोन, महत्त्वमापन ही दुनिया इंग्रजीतून शिकलेल्या हौशी शिकवणाऱ्याला परकी असते. सेमी-इंग्रजीच्या मुलाला शब्द इंग्रजीत ठाऊक असतात, पण समजून मात्र मराठीतूनच घ्यायचे असते. इथे परदेशातल्या मराठी मंडळांना खरे काम आहे. आपल्याकडे रविवारी संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा न्यू जर्सीत सकाळ असते. तिथल्या मराठी माणसाने बालभारतीची पुस्तके उतरवून घेऊन आठवडाभर आधी ते शब्द घोटले की झाले.

सर्वांत वजनदार आक्षेप असा: सरकारने शिक्षकांच्या जागा भरायच्या नाहीत आणि फटी बुजवायला भल्या माणसांना बोलवायचे, ही पळवाट आहे. आक्षेप खरा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्वयंसेवकांचा उल्लेख आहे, २०२१ मध्ये शाळांना स्वयंसेवक जोडून देणारा केंद्राचा 'विद्यांजली' उपक्रम नव्या रूपात आला, आणि दोन्हींकडे काटकसरीच्या नजरेने पाहण्याचा मोह कोणत्याही खात्याला होणारच. म्हणून अट स्पष्ट हवी. जिथे गणिताचा शिक्षकच नाही, त्या शाळेला स्वयंसेवक देऊन ती जागा भरली असे दाखवता कामा नये. स्वयंसेवक वर्ग घेत नाही, तो वर्गानंतर एकाच मुलाबरोबर बसतो. कोणते मूल, कशात अडले, हे शिक्षकच सांगणार. पण सगळ्या जागा भरल्या तरी साठ वह्यांतल्या साठ वेगवेगळ्या चुका एका शिक्षकाला रोज धुंडाळता येत नाहीत. सधन घरातले मूल तेवढ्यासाठीच तर शिकवणीला जाते.

फोन कुठून आणायचा, हा दुसरा आक्षेप. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता; त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुले ५७ टक्के. पण वापरता येणे वेगळे आणि हातात मिळणे वेगळे. घरातला फोन वडिलांबरोबर कामावर जातो, संध्याकाळी दादाच्या हातात असतो, आणि मुलीची पाळी येते तेव्हा जेवणाची भांडी पडलेली असतात. बोट्स्वानात प्राथमिक शाळेच्या मुलांना आठवड्यातून एकदा १५-२० मिनिटांचा साधा फोन करून गणिते सोडवून घेतली, तर प्रगती दिसली. नुसते संदेश पाठवून विशेष काही झाले नाही. साध्या फोनवरही काम होते, एवढे यातून कळते. भूमितीला मात्र आकृती लागते, त्यामुळे शाळा सुटल्यावर तासभर संगणक कक्षाचे कुलूप उघडे ठेवणे हाच आपल्याकडे सरळ उपाय. तिथे शाळेतले कुणी हजर राहिले की अनोळखी प्रौढाशी मुलाने एकट्याने बोलण्याचा धोकाही आवाक्यात येतो. खासगी नंबरांची देवाणघेवाण नाही आणि प्रत्येक बैठकीची नोंद, हे दोन नियम तरीही बिनतडजोडीचे.

आता एआय आले, माणसे कशाला, असेही विचारले जाईल. तुर्कस्तानातल्या एका हायस्कुलात सुमारे हजार मुलांना गणिताच्या सरावासाठी जीपीटी-४ दिले गेले. साध्या स्वरूपातले साधन हाताशी होते तोवर सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. ते काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ही मुले ज्यांना ते मिळालेच नव्हते त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तर न देता फक्त इशारे देणाऱ्या आवृत्तीने हे नुकसान बरेचसे टाळले, तेव्हा यंत्राला सरसकट मोडीत काढायचे कारण नाही. पण ३क्ष = १२ वरून ९ काढणाऱ्या मुलाला आपण चुकलो आहोत हेच माहीत नसते. त्यामुळे ते यंत्राला काही विचारणारही नाही. त्याला कुणीतरी विचारावे लागते.

स्वयंसेवकांच्या नोंदणी अर्जात पदवी कोणती, अनुभव किती, असे रकाने असतात. सातवीच्या अपूर्णांकांना पदवी लागत नाही. तिथे एकच प्रश्न असावा: जून ते फेब्रुवारी, दर मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सात ते आठ, दिवाळीचा आठवडा सोडून, तुम्ही मोकळे आहात का?