आनंदवनाचे ‘पार्क’ कुणी केले?

वाराणसीतील उद्यानांविषयी पर्यटन पुस्तिकांतून जे छापले जाते, ते वाचून मौज वाटते. मच्छोदरी पार्क, कंपनी बाग, बेनिया बाग. प्रत्येक नावापुढे एखादी ओळ : हिरवळ आहे, बाके आहेत, सकाळी फिरावयास उत्तम. या बागांखाली काय गाडले गेले आहे, हे सांगण्याची तसदी मात्र कुणी घेत नाही. मच्छोदरी म्हणजे मत्स्योदरी. कंपनी बाग ज्या मैदागिनात आहे, त्या मैदागिनचे मूळ नाव मंदाकिनी. बेनियाचेही तळेच होते. या तिन्ही ठिकाणी विस्तीर्ण जलाशय होते. पाणी गेले, तळ उघडा पडला आणि त्या तळावर गवत लावून त्याला ‘पार्क’ म्हणण्यात आले.

काशीला उद्यानांची ओळख साहेबाने करून दिली, असा कुणाचा समज असेल तर त्याने स्कंदपुराणातील काशीखंड उघडावे. तेथे या नगरीचे एक नावच आनंदकानन आहे. मत्स्यपुराणात स्वतः महादेव पार्वतीला वाराणसीचे उद्यान दाखवतात. प्रियंगू, केतकी, तमाल, बकुळ, कर्णिकार, अशोक, पुन्नाग अशी झाडे तेथे नावानिशी येतात. देवाने देवीला राजवाडा दाखवला नाही, खजिना दाखवला नाही, बाग दाखवली! महाराष्ट्राला हे नवे नाही. समर्थांनी ज्या ‘आनंदवनभुवना’चे स्वप्न पाहिले, ते नाव काशीचेच आहे. शहराच्या वेशीबाहेर सारनाथला भगवान बुद्धांनी पहिला उपदेश केला, तेही मृगदावात. म्हणजे हरणांच्या वनात. वन, पाणी आणि देव या तीन गोष्टी या भूमीने कधी वेगळ्या मानल्याच नाहीत.

मग हे वेगळेपण आले कोठून?

ईस्ट इंडिया कंपनीच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप 1820 मध्ये काशीत आला आणि दहा वर्षे राहिला. माणूस विलक्षण बुद्धिमान होता. त्याने शहराचा नकाशा काढला, शिरगणती केली, घाटांची चित्रे रेखाटली. पुढे 1837 मध्ये ब्राह्मी लिपी उलगडून अशोकाच्या शिलालेखांना त्याने वाचा दिली. त्याचे हे ऋण नाकारणे कोतेपणाचे होईल. पण याच प्रिन्सेपने शहराच्या पोटातील पाणी गंगेत नेण्यासाठी भुयारी गटार खणवले आणि मत्स्योदरी कोरडी पडली. अशोकाची अक्षरे वाचणाऱ्याला मत्स्योदरी वाचता आली नाही. त्याच्या चौकटीत साचलेले पाणी म्हणजे रोगराई, आणि मोकळी सपाट जमीन म्हणजे सुधारणा.

यावर एक ठरावीक प्रतिवाद होतो. तळी घाण झाली होती, डास होते, लोक मरत होते. इंग्रजांनी चांगलेच केले. या युक्तिवादात तथ्य अजिबात नाही असे नव्हे. परंतु आजारी माणसाला औषध देतात, पुरत नाहीत. गाळ काढणे, येणारे सांडपाणी अडवणे, काठ बांधून घेणे हे उपाय या देशाला ठाऊक होते. अहिल्याबाई होळकरांसारख्या राज्यकर्त्यांनी देशभर विहिरी, बारवा आणि घाट बांधले. पाणी हे सांभाळायचे असते, ही दृष्टी त्यामागे होती. काशीत ती दृष्टीच बदलली.

साहेबाला दोष देऊन मात्र आपली सुटका होत नाही. 1947 नंतर कुणी अडवले होते? ज्या असी नदीवरून वाराणसी नावाचा उत्तरार्ध सिद्ध होतो, ती असी नाला झाली, आणि ती इंग्रजांच्या काळात नव्हे, आपल्या डोळ्यांदेखत. कुंडात निर्माल्याची प्लॅस्टिक पिशवी टाकून ‘हर हर महादेव’ म्हणणारा हात कुणा परकीयाचा नसतो. काशीत राहणारा वा तेथे यात्रेला जाणारा मराठी माणूसही यातून वगळता येत नाही. राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान म्हणून असीजवळच्या भदैनीत तो आवर्जून जातो, हात जोडतो. पलीकडे वाहणारे काळे पाणी कोणत्या नदीचे, हे विचारत नाही.

आणि आता सुशोभीकरणाचे युग आले आहे. डिसेंबर 2021 मध्ये बेनिया बागेत वाहनतळ आणि त्यावर बाग अशा प्रकल्पाचे लोकार्पण झाले. गल्ल्यांच्या त्या शहरात वाहने ठेवायची कोठे, हा प्रश्न खरा आहे. त्याच वेळी दोन तळ्यांचेही सुशोभीकरण झाले, हेही सांगितले पाहिजे. पण जेथे एके काळी तळे होते, तेथे खाली मोटारी आणि वर हिरवळ, हा क्रम कुणाला खटकू नये? सरकार आपल्या विचारांचे असले म्हणून प्रश्न विचारायचा नाही, असा संस्कार आपल्यावर झालेला नाही. विश्वनाथाचे प्रांगण मोकळे झाले याचा आनंद ज्याला झाला, त्यानेच हा प्रश्न अधिक जोराने विचारायला हवा.

काठाला फरशी बसवली, रंगीत दिवे लावले, कारंजे उडवले की तळे जिवंत होत नाही. पावसाचे पाणी त्यात येण्याची वाट मोकळी असावी लागते, आणि ते जमिनीत मुरावे लागते. जुन्या काशीत हे काम कुंडे करीत. गोदौलिया चौकाचे नाव गोदावरी नावाच्या प्रवाहाशी जोडले जाते. जोराचा पाऊस झाला की त्याच चौकात आजही पाणी तुंबते. पाण्याला आपला पत्ता पाठ असतो. नगरपालिकेने बदललेली नावे ते वाचत नाही. निदान या तीन बागांमध्ये मूळ जलाशयांच्या सीमा आखाव्यात, त्यांत यापुढे एक घमेलेही काँक्रीट पडू देऊ नये, शक्य तेथे तळ पुन्हा खणावा आणि झाडे लावायची तर पुराणाने नावे दिली आहेत, ती लावावीत. शोभेच्या विदेशी पामवृक्षांच्या रांगांवाचून काशीचे काही अडलेले नाही.

जुन्या काळी अतिवृष्टीत गंगा फुगली की तिचे पाणी वरणेतून उलटे चढून मत्स्योदरीत शिरे आणि ओंकारेश्वराच्या टेकडीला वेढा घाली. त्याला ‘मत्स्योदरी योग’ म्हणत. तो दुर्लभ मानला जाई. लोक स्नानाला धावत. गंगेचे पाणी वरणेत आजही उलटे चढते. फरक एवढाच की आता ते काठावरच्या वस्त्यांत, लोकांच्या घरांत शिरते, नावा फिरतात, शिधा वाटला जातो, आणि त्याची नोंद आपत्ती निवारणाच्या फायलीत होते.